घरामागे दुकान येतंय: मधला आडोसा कोण ठरवतं आणि कसा

न्यू जर्सीत घर घेतलेल्या माणसाला कधी ना कधी सर्टिफाइड मेलने एक पत्र येतं. आत ब्लॉक नंबर, लॉट नंबर, एखाद्या एलएलसीचं नाव, कायद्याच्या कलमांची रांग आणि सुनावणीची तारीख. बरेच जण ते पत्र उघडून, काही न कळल्यामुळे, बिलांच्या गठ्ठ्यात सरकवतात. वर्ष-दीड वर्षाने मागच्या मोकळ्या जागेवर बुलडोझर येतो. ड्राइव्ह-थ्रूवाली फार्मसी किंवा गॅस स्टेशनला जोडलेलं दुकान उभं राहतं, आणि रात्री साडेदहाला बेडरूमच्या भिंतीवरून हेडलाइटचे पट्टे फिरायला लागतात. मग विचारणा सुरू होते: अशी परवानगी दिलीच कशी?

परवानगी देताना दुकान आणि घर यांच्यामध्ये काय असायला हवं, याचे नियम असतात. बऱ्यापैकी तपशीलवार असतात. पण ते आपोआप पाळले जात नाहीत, आणि पाळले गेले तरी ज्या त्रासासाठी ते केलेत तो त्रास थांबतोच असं नाही. मी न्यू जर्सीचं उदाहरण घेतोय, कारण मिडलसेक्स आणि मर्सर काउंटीत आपली खूप कुटुंबं आहेत आणि इथला कायदा बारकाईने लिहिलेला आहे. इतर राज्यांत मुदती आणि आकडे वेगळे असतील, पण घडण साधारण अशीच असते.

गावाला हा अधिकार आला कुठून

जमीन तुमची, पण तिच्यावर काय चालेल हे गाव ठरवणार, ही गोष्ट अमेरिकेतही फार जुनी नाही. न्यूयॉर्कने १९१६ साली सबंध शहराला लागू होणारा झोनिंगचा, म्हणजे विभाग पाडून कुठे काय चालेल हे ठरवण्याचा, पहिला कायदा केला. आदल्याच वर्षी मॅनहॅटनमध्ये इक्विटेबल बिल्डिंग पूर्ण झाली होती. ती फुटपाथपासून सरळसोट वर गेलेली, आणि तिच्या सावलीने आजूबाजूच्यांचा उजेड गेला होता. पुढे ओहायोत, क्लीव्हलँडला लागून असलेल्या युक्लिड गावाने आपले विभाग पाडले. तिथे अँब्लर रिअल्टी या कंपनीची ६८ एकर जमीन होती. कारखान्यांना विकली तर मोल जास्त आलं असतं, म्हणून कंपनी कोर्टात गेली. १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी गावाच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती सदरलँड यांचा युक्तिवाद थोडक्यात असा, की एखादी गोष्ट मुळात वाईट नसली तरी भलत्या जागी उपद्रव ठरते, डुक्कर खुराड्याऐवजी दिवाणखान्यात आलं तर जसं होतं तसं. आजही अमेरिकन झोनिंग या निकालावर उभं आहे.

हा अधिकार मुळात राज्याचा, आणि राज्य तो गावांना देतं. न्यू जर्सीत १९७५ च्या म्युनिसिपल लँड यूज लॉ या कायद्याने तो दिलेला आहे. राज्यात ५६४ नगरपालिका आहेत आणि प्रत्येकीची नियमावली निराळी. ओक ट्री रोडच घ्या. रस्त्याच्या तोंडाला साड्यांची, सोन्याची, मिठाईची दुकानं आणि दुकानांच्या पाठीमागे घरांच्या गल्ल्या. हा एकच रस्ता एडिसनमधूनही जातो आणि वुडब्रिज टाउनशिपच्या इझलिनमधूनही. एका टोकाच्या दुकानाला लागू असलेला नियम दुसऱ्या टोकाला लागू असेलच असं नाही. म्हणून मैत्रिणीच्या गावात काय झालं याच्या भरवशावर राहू नये. आपल्या गावाची नियमावली ऑनलाइन असते, तीच उघडावी.

खाली किराणा दुकान, वर बिऱ्हाडं, शेजारी पिठाची गिरणी, अशा वस्तीत वाढलेल्या आपल्याला ही सगळी कटकट आधी विचित्र वाटते. दुकान जवळ आहे, बरंच आहे की! मलाही जवळचं दुकान आवडतं. पण इथल्या दुकानाबरोबर पन्नास-साठ गाड्यांचं डांबरी आवार येतं, खांबांवरचे दिवे येतात, पहाटे येणारा मालाचा ट्रक येतो, गच्चीवर एसीची धूडं येतात. आडोसा मागायचा तो या पसाऱ्यापासून. गिऱ्हाईक चालत आलं असतं तर त्याची फारशी गरजच पडली नसती.

आडोसा कशाचा बनतो

अंतर, झाडं, भिंत किंवा कुंपण, आणि मातीचा बांध. नियमावलीत यालाच बफर म्हणतात: हद्दीला लागून एक पट्टा, ज्यात ना बांधकाम, ना पार्किंग, फक्त आडोसा. पट्ट्याची रुंदी गावागणिक वेगळी. कुठे १० फूट, कुठे ५० फूट. दुकान किती उपद्रवी आहे त्यावरही ती ठरते. डॉक्टरांच्या दवाखान्याला कमी, गाड्या धुण्याच्या केंद्राला जास्त.

बऱ्याच ठिकाणी या चार गोष्टींची आपसांत अदलाबदल करता येते. पट्टा अरुंद ठेवायचा असेल तर झाडं दाट लावा. झाडं कमी लावायची असतील तर पक्की भिंत बांधा. लेन केंडिग या नियोजकाने पेन्सिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत १९७० च्या दशकात केलेल्या कामातून आणि नंतरच्या लेखनातून हा विचार देशभर पसरला. कल्पना चांगली आहे. पण अदलाबदल करताना एक गडबड होते. भिंत आणि झाडं एकाच त्रासावरचे दोन उपाय आहेत असं त्यात धरलेलं असतं. तसं ते नाही, त्याकडे पुढे येतोच.

बांधाबद्दल आधी सांगतो, कारण सुनावणीत रहिवासी हमखास तोच मागतात. माती घसरू नये आणि वर गवत कापता यावं म्हणून बांधाचा उतार साधारण तीनास एक ठेवतात, म्हणजे एक फूट चढायला तीन फूट आडवी जागा. चार फूट उंच बांधाला एका बाजूला १२ फूट, दुसऱ्या बाजूला १२ फूट, आणि माथ्यावर झाडं लावायला निदान चार फूट. झाले २८ फूट. तुमच्या गावाचा बफर २५ फुटांचा असेल तर हा बांध तिथे मावतच नाही. नकाशावर तो दाखवलेला असला तर एक तर उतार जास्त उभा आहे, म्हणजे पहिल्या मोठ्या पावसात माती खाली येणार, किंवा उंची कमी आहे. हा हिशेब कागदाच्या कोपऱ्यात दोन मिनिटांत होतो आणि सुनावणीत तो मांडला की इंजिनिअरला उत्तर द्यावंच लागतं. पाणी कुठे जाणार हेही तिथेच विचारावं. बांधाच्या तुमच्या बाजूचं पाणी तुमच्याच अंगणात उतरतं.

आता झाडांचा कागद. अर्जासोबत मोठ्या आकाराच्या नकाशांचा संच असतो आणि त्यात एक पान लँडस्केप प्लॅनचं. त्या पानाच्या कडेला एक तक्ता: खूण, झाडाचं शास्त्रीय नाव, नेहमीचं नाव, नग, लावताना उंची किती. समजा त्यात लिहिलंय: थुजा ऑक्सिडेंटॅलिस 'स्मरॅग्ड', एमरल्ड ग्रीन आर्बरव्हिटी, ४२ नग, ५ ते ६ फूट. नर्सरीत मिळणारं हे सर्वांत सरधोपट झाड: निमुळतं, हिरवंगार, स्वस्त. पण न्यू जर्सीत हरणं फार आणि हे झाड म्हणजे त्यांचा हिवाळ्यातला आवडता खुराक. जानेवारी-फेब्रुवारीत दुसरं काही हिरवं नसतं. हरणाचं तोंड पोचतं तिथवरचा पाला फस्त होतो, आणि आडोसा हवा असतो तो नेमका त्याच उंचीवर. वर शेंडा हिरवा, खाली उघडी खोडं आणि त्यांच्यामधून दिसणारं पार्किंग, असं दृश्य इथे जागोजागी आहे. त्याऐवजी ग्रीन जायंट जातीची आर्बरव्हिटी किंवा नॉर्वे स्प्रूस लावला तर हरणं सहसा कमी त्रास देतात. ग्रीन जायंट अनुकूल जागी वर्षाला तीन फुटांपर्यंतही वाढतं. मात्र ते पसरतंही, म्हणून पाच-पाच फुटांवर कोंबलं तर काही वर्षांत एकमेकांना दाबून आतून वाळतं. व्हाइट पाइन लहानपणी छान दाट असतो, मोठा झाला की खालच्या फांद्या टाकतो. मेपल, ओक ही पानगळीची झाडं उन्हाळ्यात झकास, पण नोव्हेंबर ते एप्रिल त्यांच्या आरपार दिसतं. आणि सगळीच्या सगळी एका जातीची लावली तर एक रोग आला की अख्खी ओळ जाते. दोन-तीन सदाहरित जातींची, एकाआड एक लावलेली दुहेरी रांग मागावी. हे बोलायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही, तो तक्ता वाचलेला असला की झालं.

तुम्हाला काय थांबवायचंय?

सुनावणीला जाण्याआधी स्वतःला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दिसणं, उजेड, आवाज, वास आणि धूर हे वेगवेगळे त्रास आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. मला या सबंध विषयात सगळ्यांत महत्त्वाचं हेच वाटतं. झाडांची एक रांग मंजूर करून घेऊन खुशीत घरी आलेले आणि नंतर रात्रभर कंप्रेसरची घरघर ऐकणारे लोक मी पाहिलेत. त्यांनी भांडून मिळवलं ते खरंच मिळालं होतं. त्यांच्या त्रासावरचा उपाय मात्र तो नव्हता.

दिसणं थांबवणं त्यातल्या त्यात सोपं. सहा फुटी कुंपण किंवा दाट सदाहरित झाडं पुरतात, जमीन सपाट असली तर. तुमचं घर चढावर असेल आणि दुकान खाली, तर हद्दीवरचं सहा फुटी कुंपण तुमच्या दिवाणखान्याच्या जोत्याच्याही खाली राहतं. अशा वेळी आडवा छेद दाखवणारं चित्र मागायचं: तुमच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपासून त्यांच्या गच्चीपर्यंत सरळ रेघ ओढून. गच्चीवरची एसीची यंत्रं कठड्याआड लपतात असं सांगतात तेव्हा ती रस्त्यावरून बघणाऱ्यापासून लपलेली असतात, वरच्या बेडरूममधून नव्हे.

उजेडाचं गणित अगदी नेमकं करता येतं. हेडलाइट जमिनीपासून २२ ते ५४ इंचांच्या दरम्यान बसवायचे असा केंद्र सरकारचा नियम आहे. म्हणजे तीन फुटी झुडपांच्या ओळीवरून पिकअप ट्रकचा उजेड सहज येणार. सपाट जागी पाच-सहा फूट उंच, फट नसलेलं कुंपण लागतं, आणि तेही गाड्या वळतात, थांबतात तिथे. सगळ्या हद्दीवर नसलं तरी चालेल. खांबांवरच्या दिव्यांसाठी अर्जात एक वेगळा नकाशा असतो, त्यावर सगळीकडे बारीक आकडे छापलेले असतात. ते फूटकँडल या उजेड मोजायच्या एककात असतात. तुमच्या हद्दीवरच्या रेषेवर बोट ठेवून आकडे वाचायचे. पुष्कळ नियमावल्या घराच्या हद्दीवर अर्धा फूटकँडल चालवून घेतात. पौर्णिमेचं चांदणं ०.०१ ते ०.०३ फूटकँडल असतं. म्हणजे नियमात बसणारा उजेडसुद्धा चांदण्याच्या पंधरा-वीस पटींहून जास्त. म्हणून आकड्यावर न थांबता आणखी तीन गोष्टी मागाव्यात: दिव्याला मागच्या बाजूने झाकण, खांबाची उंची कमी, आणि दुकान बंद झाल्यावर सुरक्षेपुरते दिवे सोडून बाकीचे विझवणं.

आवाजाबाबत मात्र सार्वत्रिक गैरसमज आहे. झाडांनी आवाज अडतो असं सगळ्यांना वाटतं. फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या म्हणण्यानुसार २०० फूट रुंद दाट झाडी असेल तर आवाज १० डेसिबलने कमी होऊ शकतो, म्हणजे कानाला निम्मा वाटतो. दोनशे फूट! तुमच्या बफरमध्ये झाडांच्या दोन रांगा आहेत. त्यांनी आवाजाच्या मोजमापात काही फरक पडत नाही. ट्रक दिसेनासा झाला की मनाला बरं वाटतं, तेही काही कमी नाही, पण झोपमोड व्हायची ती होतेच.

आवाज अडवते ती जड, सलग, फट नसलेली भिंत. आवाजाचा उगम आणि तुमचा कान यांच्यामधली सरळ रेघ भिंतीने तोडली की साधारण ५ डेसिबल कमी होतात आणि त्यावर प्रत्येक मीटर उंचीमागे आणखी दीडेक डेसिबल. भिंत उगमाच्या जवळ किंवा तुमच्या जवळ असली तर जास्त उपयोगी, बरोबर मध्यावर असली तर सर्वांत कमी. लाकडी फळ्यांच्या कुंपणात वाळल्यावर फटी पडतात. जाळीत प्लास्टिकच्या पट्ट्या ओवल्या तर दिसणं थांबतं, आवाजाला ते कुंपण नसल्यासारखंच. खालच्या पट्टीतली घरघर मोठ्या भिंतीलाही वळसा घालून येते. व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत डेटा सेंटरांच्या शेजारचे लोक हाच अनुभव सांगतात. त्यावर खरा उपाय यंत्र निवडतानाच करायचा: कमी आवाजाचं यंत्र, घराच्या विरुद्ध बाजूला बसवलेलं.

न्यू जर्सीत राज्याचाच नियम आहे. व्यापारी जागेतून येणारा सलग आवाज घराच्या हद्दीवर सकाळी ७ ते रात्री १० पर्यंत ६५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ७ पर्यंत ५० डेसिबलच्या वर जाता कामा नये. हा नियम सांगून विचारावं: तुमची यंत्रं रात्री आमच्या हद्दीवर किती वाजतील, याची मोजणी कोणी केलीय का?

आवाजातला काही भाग भिंतीने नाही, घड्याळाने थांबतो. मालाचा ट्रक किती वाजता येणार, डंपस्टर, म्हणजे कचऱ्याचा मोठा डबा, किती वाजता उपसणार, ड्राइव्ह-थ्रूचा स्पीकर किती वाजेपर्यंत चालणार. पहाटे साडेचारला लोखंडी डंपस्टर आपटण्याचा आणि रिव्हर्सच्या बीपचा आवाज कुठलंच कुंपण झाकत नाही. सकाळी सातच्या आत उपसायचा नाही, एवढी एक ओळ त्यापेक्षा जास्त काम करते आणि तिला खर्चही जवळपास नाही.

वासावर आणि धुरावर अंतराशिवाय उपाय नाही. डंपस्टरला तीन बाजूंनी पक्की भिंत आणि चौथ्या बाजूला फाटक हे बहुतेक ठिकाणी सक्तीचं असतं, पण ते दिसू नये म्हणून. वास वरून येतो. डंपस्टर घराच्या हद्दीपासून लांबच्या कोपऱ्यात हलवायला सांगावं. नकाशावर तो हलवणं सोपं असतं, काँक्रीट पडल्यावर नाही.

गोदामांच्या बाबतीत हे सगळे उपाय तोकडे पडतात. न्यू जर्सी टर्नपाइक या महामार्गाच्या ८ए एक्झिटच्या आसपास, क्रॅनबरी, मनरो, साउथ ब्रन्सविक भागात, अशी गोदामं किती झालीत ते तिकडे राहणाऱ्यांना ठाऊक आहे. ट्रकच्या डिझेलचा धूर २५ फुटांच्या झाडीने अडत नाही. न्यू जर्सीच्या राज्य नियोजन आयोगाने २०२२ मध्ये गोदामं कुठे असावीत याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण ती गावांवर बंधनकारक नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदाच केला: मोठ्या नव्या गोदामांच्या ट्रक लावायच्या जागा घरं, शाळा, रुग्णालयं यांच्यापासून किमान ३०० फूट आणि काही बाबतीत ५०० फूट लांब हव्यात. मला ही दिशा योग्य वाटते. इथे प्रश्न लोकांच्या फुप्फुसांचा आहे, आणि तो एकेका गावाच्या बोर्डावर, म्हणजे अशा अर्जांची सुनावणी घेणाऱ्या मंडळावर, सोडून भागणार नाही.

दुसरी बाजूही आपलीच आहे

गॅस स्टेशन, मोटेल, किराणा, रेस्टॉरंट चालवणाऱ्यांत भारतीय खूप आहेत. शंभर फूट खोल प्लॉटवर मागे २५ फुटांचा बफर सोडला की पाव जमीन गेली. पुढचं अंतर आणि पार्किंग धरलं तर दुकान उरतंच किती? अशा वेळी रुंद पट्ट्याच्या बदल्यात चांगली पक्की भिंत आणि वेळेची बंधनं घेणं हा दोघांच्याही फायद्याचा व्यवहार असतो. शेजाऱ्यांनी तो करावा. शिवाय भिंतीत पायी जायला एक फाटक मागावं. सलग भिंतीमुळे पाठीला पाठ लागून असलेल्या दुकानात जायलाही गाडी काढावी लागते, आणि ज्या आजी-आजोबांना गाडी चालवता येत नाही ते घरातच बसून राहतात.

आडोशाचा अतिरेकही होतो. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९८० च्या दशकापासून असा नियम होता की एकट्या (एका कुटुंबाच्या स्वतंत्र) घरांपासून ५४० फुटांपर्यंतच्या इमारतींच्या उंचीवर बंधनं. नव्या घरांचा तुटवडा वाढत गेला तेव्हा २०२४ मध्ये शहराने हे अंतर ७५ फुटांवर आणलं. उलट ह्यूस्टनमध्ये झोनिंगच नाही, तरी तिथेही उंच इमारतींच्या दिव्यांपासून आणि कचऱ्याच्या डब्यांपासून शेजारच्या घरांना आडोसा देणारे नियम करावे लागले.

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते. हमरस्त्यालगत दुकानं, त्यामागे अपार्टमेंट, त्यामागे एकटी घरं, अशी उतरंड नियोजनात सर्रास वापरतात. एकट्या घरांना दुकानांचा त्रास होऊ नये म्हणून मध्ये अपार्टमेंट. म्हणजे तिथे राहणारी माणसंच बफर झाली. युक्लिडच्या निकालात तर अपार्टमेंटला बांडगूळ म्हटलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वीची ती नजर नियमावल्यांत अजून टिकून आहे. नवीन व्हिसावर आलेली आपली मुलं, पहिलं बाळ झालेली जोडपी याच अपार्टमेंटमध्ये राहतात. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या माउंट लॉरेल निकालात गावांना बजावलं, की झोनिंगच्या आडून गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही. तेव्हा सुनावणीत बोलताना "अपार्टमेंट नको, भाडेकरू नको" हे आपल्या तोंडून येऊ नये. दिव्यांबद्दल, ट्रकबद्दल बोलावं.

बोर्डासमोर

पत्र येतं ते २०० फुटांच्या आतल्या मालकांना, सुनावणीच्या किमान १० दिवस आधी. भाडेकरूंना येत नाही. टाउनहाउस किंवा कॉन्डोत राहत असाल तर सहसा ते असोसिएशनला जातं आणि तिथेच पडून राहतं; असोसिएशनला विचारत राहावं. नकाशे आणि अर्जही सुनावणीच्या १० दिवस आधीपासून बघायला खुले असतात. त्या दहा दिवसांत झाडांचा तक्ता, दिव्यांचे आकडे आणि बांधाचा उतार पाहून घ्यायचा.

पत्रात आधी पाहावं, अर्ज कशाचा आहे. त्या विभागात दुकानाला परवानगीच नसेल, तर झोनिंग बोर्डाकडून वापराची व्हेरिअन्स, म्हणजे झोनिंगच्या नियमाला अपवाद करण्याची खास परवानगी, लागते आणि सात जणांच्या बोर्डात पाच मतं अनुकूल पडावी लागतात. इथे शेजाऱ्यांच्या म्हणण्याला बरंच वजन असतं. दुकानाला परवानगी असलेला विभाग असेल, तर "आम्हाला नको" या मुद्द्यावर बोर्ड अर्ज फेटाळू शकत नाही. बाहेरच्या रस्त्यावर वाहतूक वाढेल एवढ्यावरही नाही. हे १९८४ च्या एका न्यायालयीन निकालाने स्पष्ट झालंय. तिथे लढाई अटींची असते आणि आडोसा ही त्यातली मुख्य अट.

एक बारकावा वकिलांखेरीज फारसं कुणी सांगत नाही. बफरचा नियम झोनिंगच्या नियमावलीत लिहिलेला असेल तर तो कमी करून घ्यायला व्हेरिअन्स लागते. तोच नियम साइट प्लॅनच्या, म्हणजे जागेवरच्या मांडणीच्या, नियमावलीत असेल तर नुसती सवलत पुरते आणि ती मिळवणं सोपं असतं. पत्रात "एक्सेप्शन" किंवा "डिझाइन वेव्हर" असे शब्द दिसले तर कशाची सवलत मागितलीय ते हुडकावं. पुष्कळदा बफरचीच असते.

सुनावणीत अर्जदाराचा इंजिनिअर, नियोजक शपथेवर साक्ष देतात आणि तुम्हाला त्यांची उलटतपासणी घेण्याचा कायदेशीर हक्क आहे. मात्र त्या वेळी फक्त प्रश्न विचारायचे, मत मांडायचं नाही. मतासाठी शेवटी वेगळी पाळी येते आणि तेव्हा तुम्हालाही शपथ घ्यावी लागते. आपले लोक इथे अडखळतात. माइकसमोर जाऊन पोटतिडकीने बोलायला लागतात, अध्यक्ष थांबवतात, आणि अपमान झाल्यासारखे परत येऊन बसतात. त्यात अपमान नाही, ती कामकाजाची रीत आहे. सह्यांची निवेदनं आणि पत्रं सहसा विचारात घेतली जात नाहीत, कारण कागदाची उलटतपासणी घेता येत नाही. माणूस हजर हवा.

मागणी नेमकी हवी. "पुरेसा आडोसा असावा" ही अट कागदावर आली तरी तिचा उपयोग शून्य, कारण पुरेसा म्हणजे किती हे ठरवणार कोण? "पश्चिम हद्दीवर १८० फूट लांब, ६ फूट उंच, फट नसलेली भिंत, तिच्या घराकडच्या बाजूला ग्रीन जायंट आणि नॉर्वे स्प्रूसची एकाआड एक दुहेरी रांग, लावताना उंची ७ फूट, मेलेलं झाड पुढच्या लागवडीच्या हंगामात त्याच जातीचं, तेवढ्याच उंचीचं लावायचं, सकाळी ७ च्या आत मालाची गाडी नाही" अशी अट टिकते. ती बोर्डाच्या लेखी ठरावात यायला हवी, आणि बोर्डाच्या वकिलाने ती मोठ्याने वाचून दाखवेपर्यंत जागेवरून उठू नये. नुसतं तोंडी "हो, करू" हिशेबात धरू नये.

निर्णय पटला नाही तर तो प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवसांत सुपिरियर कोर्टात जाता येतं. त्याला सहसा वकील लागतो आणि खर्च मोठा असतो. कोर्ट नव्याने पुरावा ऐकत नाही, बोर्डापुढे जे बोललं गेलं तेच तपासतं. म्हणून बोर्डासमोर नोंदवलेला एकेक प्रश्न मोलाचा.

परवानगीनंतरची वर्षं

खरा घोळ इथे होतो. दुकान सुरू होतं, फीत कापली जाते, तिसऱ्या उन्हाळ्यात पाण्याविना निम्मी झाडं तपकिरी पडतात आणि कुणी बघत नाही. न्यू जर्सीने २०१८ मध्ये विकासकांकडून घ्यायच्या पैशांच्या हमीचा कायदा बदलला. खासगी जागेतल्या बहुतेक कामांसाठी हमी घेण्याचा गावांचा अधिकार त्यात गेला, पण हद्दीवरच्या बफरची झाडं कायद्यात मुद्दाम शिल्लक ठेवलेली आहेत. गावाने तशी तरतूद केली असेल तर या झाडांसाठी खर्चाच्या १२० टक्क्यांपर्यंत हमी घेता येते आणि काम पूर्ण झाल्यावर १५ टक्क्यांपर्यंत देखभालीची हमी, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. या दोन वर्षांत तक्रार केली तर गावाच्या हातात पैसा असतो. नंतर उरतो तो फक्त झोनिंग ऑफिसर आणि त्याची नोटीस. ठरावातली अट मात्र दुकान विकलं गेलं तरी जमिनीबरोबर राहते. नवा मालक "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटत नाही.

तुम्ही घर घेतलंत तेव्हा दुकान आधीपासूनच होतं आणि त्या काळी बफरचा नियमच नव्हता, तर आज तो त्याच्यावर लादता येत नाही. पण ते दुकान वाढवायला, ड्राइव्ह-थ्रू जोडायला किंवा पार्किंग बदलायला बोर्डाकडे येईल तेव्हा आडोसा मागायची संधी असते. म्हणून जुन्या दुकानाच्या शेजाऱ्यांनी ते पत्र जास्तच जपून वाचावं.

मागे दुकान आहे आणि झाडं मेलेली दिसतायत, तर टाउनशिप क्लार्ककडे ओप्रा, म्हणजे सरकारी कागदपत्रं मागण्याचा हक्क देणाऱ्या, कायद्याखाली अर्ज करा. बोर्डाचा ठराव आणि मंजूर लँडस्केप प्लॅन मागा, ब्लॉक आणि लॉट नंबर देऊन. उत्तर साधारणपणे सात कामकाजी दिवसांत यायला हवं. मग तो तक्ता हातात घेऊन हद्दीच्या आपल्या बाजूने चालत जा, शक्यतो हिवाळ्यात, आणि झाडं मोजा. तक्त्यात ४२ आणि उभी २६ असतील, तर फोटो, ठरावातल्या अटीचा क्रमांक आणि तारीख टाकून झोनिंग ऑफिसरला लेखी तक्रार द्या, आणि तिची प्रत टाउनशिपच्या इंजिनिअरलाही पाठवा. हमीची मुदत संपलीय की नाही, हे त्यालाच माहीत असतं.